दाणा

डिसेंबरची रात्रपाळी. गाळप जोरात.
कऱ्हाडच्या अलीकडं कृष्णेच्या अंगावरून
धुकं उठून थेट गव्हाणीपर्यंत येतं.
प्रयोगशाळेत मी साखरेचा दाणा तपासते,
चाळणीवर चाळणी, एस-तीस, एम-तीस,
आणि गोदामाच्या दाराशी फडतरे हवालदार,
निवृत्त, तालुका खटाव,
माकडटोपीत चेहरा, हातात काठी.
काठीला खाचा. वीत-वीत अंतरावर.

कशाला खाचा, विचारलं एकदा.
म्हणाले, सवय.

जानेवारीत सुट्टी टाकलीय म्हटल्यावर,
हिमाचलात, खिंड चढायला, बाराजण आहोत,
त्यांनी चहा अर्धा ठेवला.
"बर्फ बघितलाय का कधी, मॅडम?"
वेण्णा तलावाच्या कडेला, पहाटे,
स्ट्रॉबेरीच्या पानांवर गोठलेलं दव. तेवढंच. ते सांगितलं.
हसले नाहीत.

फुटक्या पोत्याजवळ एक फळी घेतली.
"ही खाली, जाड दाण्याची. आमी तिला साखरच म्हनायचो.
उघड्या आभाळाच्या गार रात्री
बर्फाचा असाच दाना होतोय,
एकाला एक धरत न्हाई.
मग वारा येतोय, वर नवा माल टाकून जातोय."
पँट्रीतली पिठीसाखर. तळव्यानं थापली, भाकरीसारखी.
फळी उचलली. वीस अंश. पंचवीस.
"हितं मानूस म्हनतोय, काय होत न्हाई."
तीस. पस्तीस.
वरच्या कडेला बारीक चीर गेली आडवी,
आणि अख्खा थर, एकसंध, निघाला
माझ्या चपलांवर.

"आवाज तिकडं येतोय. पायाखाली. ढप्प.
रिकाम्या कनगीवर बसल्यागत.
त्यो ऐकला की फुडं जायाचं न्हाई.
पैशे भरले असले तरी न्हाई."

नमुन्याच्या पावतीमागं मी लिहून घेत होते:
उतार एकेकानं ओलांडायचा, बाकीच्यांनी कडेला थांबून
डोळा त्याच्यावरच ठेवायचा.
पाठीच्या पिशवीचा कमरपट्टा सोडलेला.
ऊन चढायच्या आत पलीकडं.
रात्रभर वारा वाहिला असेल तर तो दिवस तंबूचा.
गोदामाला उंदरांचा वास होता.
लिहिता लिहिता मी विचारलं, आणि सापडलंच कुणी तर?

बराच वेळ मोळ्या पडल्याचाच आवाज.

"पिसाळ माझ्या फुडं होता. शिवदास पिसाळ, वडूजचा.
अंतर ठेवा म्हनून हुकूम, आमी ठेवलंवतं.
पन त्याला पोरगी झालेली, नाव ठरवायचं होतं,
म्हनून मागं आला, माझ्याजवळ. चार पावलं."

चार पावलं, परत म्हणाले.

"मला निम्मा गाडला, त्याला पुरा.
चाळीस मिनिटं. काठी तिसऱ्या खाचेला लागली.
तोंडापुढं त्यानं ओंजळ धरलेली, शिकवलेलं होतं तसंच,
आन् ओंजळीत बर्फाची काच.
त्येच्याच श्वासानं झालेली."

चहावर साय धरली होती. तशीच प्याले.

खिंडीखाली तिसऱ्या दिवशी उतार पांढराशुभ्र, गुळगुळीत,
नवा परीट घडी मोडावी तसा.
आदल्या रात्री तंबू फडफडत राहिला होता.
अकराजण फोटोच्या घाईत,
वाटाड्या तेनझिन उकिडवा बसून
फावड्यानं बर्फाचा खड्डा घेत होता, बोलत नव्हता.
मी पाऊल टाकलं. पोटातच ऐकू आलं.
रिकाम्या कणगीवर.

उतरताना दोघं दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.
खिंडीत कुणी गेलंच नाही, तेव्हा काय झालं असतं
ते कुणालाच माहीत नाही.
ते तसंच राहणार. हेही सोसायचं असतं,
पावतीवर लिहून घ्यायचं राहिलं होतं.

फेब्रुवारी. गाळप संपत आलेलं.
दाराशी फडतरे, काठी मांडीवर आडवी.
खिंड झाली का, हे विचारलंच नाही.
"दाना कसला होता?"
"एल-तीस," मी म्हटलं. "ओंजळीत धरवत नव्हता."
मान हलवली,
आणि उसाच्या ट्रॅक्टरला मागं घ्यायला
शिट्टी वाजवत उठले.